रविवार आला की छर्रे सुरू

दर रविवारी सकाळी सातला मागच्या शेजाऱ्यांच्या गच्चीवरनं एअरगनची टक्क, टक्क सुरूच! का तर म्हणे पारवे घाण करतात. अहो मग बाल्कनीला जाळी मारा की, खरकटं उघड्यावर टाकायचं बंद करा, एअरगन कशाला पाहिजे? बेळगावातली टिळकवाडी आहे ही, खानापूरचं जंगल न्हवे! परवा एक पारवा आमच्या परड्यात अळवाच्या वाफ्यात येऊन पडला, पंख लोंबतोय, चोच उघडी, आईनं पाणी पाजायला उचलला तर हातातच गेला. साडेचार मिलीमीटरचा एवढासा छर्रा, पण उद्या कुणाच्या पोराच्या डोळ्याला लागला तर काय भरून देणार? मागच्या महिन्यात कावळा पाडला. पितृपक्षात ह्याच कावळ्याला पान ठेवून हाका मारता ना? वर म्हणे कावळा मारलेला चालतोय. कोण सांगितलं? 1972 च्या वन्यजीव कायद्यात कावळा, उंदीर उपद्रवी म्हणून यादीत होते, ती यादीच 2022 च्या दुरुस्तीत काढून टाकलीय! आणि रात्री बॅटरी लावून उंदरावर नेम धरतात, छर्रा भिंतीवरनं उडून आमच्या मोरीच्या खिडकीला, काच तडकली. उंदराला सापळा लावा की हो, सापळा!