कडांचा रंग उडालाय

काल सोसायटीच्या किल्ला स्पर्धेचा निकाल लागला. मला उत्तेजनार्थ मिळालं, तेही बालगटात. माझं वय बेचाळीस आहे आणि मी भाग घेतलेला नव्हता.

मी टेबलावरची युद्धं खेळतो. २८ मिमीचे सैनिक, फासे, मोजपट्टी. सैनिकांना लढायला मुलूख लागतो, म्हणून फोमचं एक पडकं देऊळ कोरलं आणि पार्किंगमध्ये रंगवायला घेतलं. घरात स्प्रे मारायचा नाही असं ठरलंय (मी ठरवलेलं नाही). आधी हाताने काळा रंग आणि फेविकॉलचा थर द्यावा लागतो, नाहीतर स्प्रे फोमच खाऊन टाकतो. वर राखाडी, आणि शेवटी ड्रायब्रश. ब्रशावरचा रंग जुन्या बनियनला पुसून जवळजवळ संपवायचा आणि तो कोरडा ब्रश दगडांवरून हलकेच फिरवायचा. फक्त कडा उजळतात.

त्या उजळत असताना परीक्षक काका वही घेऊन आले.

"कुठला किल्ला?"

"किल्ला नाही काका, पडकं देऊळ आहे."

"पडकं कशाला? बांधून काढा की, अजून वेळ आहे." वहीत काहीतरी लिहिलं. "महाराज कुठायत?"

"महाराज नाहीत यात."

"महाराज नाहीत," काकांनी मोठ्याने म्हणत लिहिलं. "मावळे? गवळण? गुहेत वाघ?"

"काका, हा खेळ आहे. युद्धाचा."

"मग वाघ हवाच." चष्मा कपाळावर चढवून ते वाकले. "आणि हे बघा, सगळ्या कडांचा रंग उडालाय."

मी ड्रायब्रश समजावला. सावली, उजेड, सगळं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. मुलांनी केलंय ना, चालतं."

१८१२ साली राइस्वित्स नावाच्या गृहस्थाने प्रशियाच्या राजाला असलाच खेळ भेट दिला होता. खास टेबल, त्यावर मांडायला प्लास्टरचे रंगवलेले डोंगर, नद्या, गावं. पुढे त्याच्या मुलाने खेळ सुधारला आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. गुहेत वाघ कुठाय, असं त्या बापलेकांना कुणी विचारलं नसावं.

दिवाळीला गावी गेलो. भाऊबीज करून परततो तर देवळावर हळीव उगवलेला. "किल्ला भुंडा दिसत होता, म्हणून मीच पेरला," काका म्हणाले. रोज झारीने पाणीही घालत होते. वार्निश मारायचं राहिलं होतं. फेविकॉल सुटला आणि पायऱ्यांवर चिकटवलेली वाळू ओघळून फरशीवर आली. त्याबद्दल सफाईवाल्या मावशी मलाच बोलल्या.

पहिला नंबर कुणाला? बाजारातून आणलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तयार किल्ल्याला! त्यावर सोनेरी बुरूज आहेत. सोनेरी! पण महाराज आहेत, वाघ आहे, आणि कडांचा रंग शाबूत आहे. परीक्षकांशी हुज्जत घालू नये म्हणतात. मी घातली. "पुढच्या वर्षी मुलांना मदत करा जरा," असं ऐकून घेतलं.

रविवारी तेच देऊळ टेबलावर मांडून खेळलो. मित्राने त्याची तोफ हळिवामागे नेऊन ठेवली. दाट झाडीपलीकडचं दिसत नाही, असा नियम त्याने पुस्तक उघडून दाखवला, आणि तिथूनच माझं घोडदळ कापून काढलं.