'एफसीसी' छापलंय म्हणून स्टार्टर भारतात पास होत नाही

पैठण-घनसावंगीकडच्या शेतकरी ग्रुपांवर मेसेज फिरतोय : "वायरलेस मोटार स्टार्टरवर (विहिरीची मोटार लांबून चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर) सीई, एफसीसी असलं की तो जगभर पास, भारतात वेगळी परवानगी लागत नाही." हे साफ चुकीचं आहे.

एफसीसी हे अमेरिकेतल्या मंजुरीचं चिन्ह, सीई युरोपचं. आणि सीई तर बहुतेकदा कंपनी स्वतःच जाहीर करते. भारतात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी, म्हणजे वायरलेसचं काम बघणाऱ्या शाखेची 'ईटीए' ही यंत्राच्या मॉडेलसाठीची मंजुरी लागते.

खरी गोम फ्रिक्वेन्सीत, म्हणजे यंत्र ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्यांच्या पट्ट्यात आहे. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ पट्टा अशा यंत्रांना खुला आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. तिकडचं यंत्र विहिरीवर बसवलं, तर आसपासच्या फोनच्या सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो. शेतवस्तीवर आधीच रेंजची बोंब, रात्री-अपरात्री साप चावला तर फोन लागायलाच हवा! आपल्याकडे ८६५ ते ८६८ हा पट्टा खुला आहे, तोही ठरलेल्या पॉवरपर्यंतच.

म्हणून घेताना लेबल वाचा. ९१५ मेगाहर्ट्झ लिहिलं असेल तर परत ठेवा. दुकानदाराकडे ईटीए प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा मॉडेल नंबर यंत्रावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा.