मावशी, पिझ्झा सहा तास ओट्यावर ठेवायचा नसतो

गेल्या गुरुवारी दुपारी पुण्यात सहकारनगरला मावशीकडे गेले. मे महिना, त्यात गुरुवार, म्हणजे दुरुस्तीच्या कामासाठी सकाळपासून लाइट नाहीत. ओट्यावर मिक्सरशेजारी फ्रोझन पिझ्झ्याची दोन खोकी झाकण उघडून 'हवेला' ठेवलेली. एकातला पिझ्झा उचलला तर हातात ओल्या फडक्यासारखा लोंबला. सिमला मिरचीचे तुकडे घरंगळून एका कडेला गेलेले, चीजला घाम सुटलेला, खोक्याचा तळ भिजून मऊ पडलेला.

"असू दे गं ते, अकराला काढलेत. पाचला सहा तास होतील, मग गॅस उडून जातो."

कसला गॅस?

"फ्रीजचा. डॉक्टरांनीच लिहिलंय."

त्या डॉक्टरांना नाव नाही, गाव नाही, डिग्री नाही. त्यांच्या नावाने फोनवर फिरणाऱ्या मेसेजच्या सुरुवातीला तीन लाल दिवे आणि शेवटी जोडलेले हात, एवढीच काय ती ओळख. पाच वाजता नातू क्रिकेटच्या शिबिरावरून घरी येणार होता, त्याच्यासाठी हा सगळा बेत. मी दोन्ही पिझ्झे कचऱ्यात टाकले. मावशी फक्त "अन्न टाकतेस?" म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. रात्री कळलं की तिने तोच मेसेज भिशीच्या ग्रुपवरही टाकलाय. तिथे बावीस जणी आहेत आणि बहुतेकींच्या घरी सुट्टीला नातवंडं आलेली आहेत. म्हणून हा खटाटोप.

मेसेजमधला मजकूर थोडक्यात असा. मॉलमधला पिझ्झा म्हणजे मंद विष. एक, तो वर्षभर टिकतो म्हणजे त्यात औषधं मारलेली असतात. दोन, चीज प्लास्टिकचं असतं; काडी लावून बघा, काळं पडेल. तीन, घरी आणल्यावर सहा तास बाहेर ठेवा म्हणजे फ्रीजचा गॅस उडून जाईल. चार, तो कंपनीत शिजवलेलाच असतो, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं कोमट केला की पुरे. भाजलात तर कॅन्सर. पाच, बेसमध्ये बंदी घातलेलं ब्रोमेट असतं. सहा, पाकिटावर ६३१ लिहिलंय म्हणजे डुकराची चरबी. आधी विष म्हणायचं आणि मग तेच विष कसं वाढायचं हेही शिकवायचं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

सुरुवात तिसऱ्यापासून करते, कारण त्यानेच माझं डोकं फिरलं.

फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांमधून फिरतो. तो अन्नाच्या आसपासही येत नाही. नळी कुठे फुटलीच तर फ्रीज गार करणं थांबवतो आणि मेकॅनिकला बोलवावं लागतं. पिझ्झ्यातून उडून जायला तिथे काही नसतंच. उडून जाते ती फक्त थंडी, आणि तो पिझ्झा सुरक्षित होता तो त्या थंडीमुळेच. उणे १८ अंशांना जिवाणू वाढत नाहीत. मरतही नाहीत, झोपून राहतात. सहा तास ओट्यावर ठेवणं म्हणजे त्यांना उठवून पाट मांडणं. पोषक उबेत ई-कोलायसारखा जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. पिझ्झा वितळायला एक तास गेला असं धरा, राहिले पाच. पंधरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे बत्तीस हजारांवर. पिझ्झ्यावर त्यांची इतकी चैन होत नसेलही, पण पुण्यातल्या मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या स्वयंपाकघरात, हा प्रयोग नातवावर करायचं कारण काय?

आणि चवीचं काय होतं? बर्फाचं पाणी होऊन बेसमध्ये मुरतं. मग कितीही तापवा, मध्ये लगदा आणि कडेला चिवट. बहुतेक फ्रोझन पिझ्झे फ्रीजरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये जायचे असतात. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. मावशी गॅसच्या बिलाची बारीक अक्षरं भिंग लावून वाचते, हे मात्र वाचलं नाही.

आता चौथा मुद्दा. तिसरा आचरट आहे, हा खरोखर घातक. "कंपनीत शिजवलेलाच असतो" हे काही पिझ्झ्यांच्या बाबतीत अर्धं खरं आहे. त्यांचा बेस अर्धवट भाजून घेतलेला असतो. पण काहींमध्ये भिजवलेला मैदा कच्चाच असतो आणि तो तुमच्या ओव्हनमध्ये पहिल्यांदा फुगतो. खोक्यावरचा चकचकीत फोटो दोन्हींचा सारखाच दिसतो. कच्चा मैदा म्हणजे कच्चं अन्न, हे आपल्या डोक्यातच नसतं. पोह्यांसारखा कोरडा दिसतो, मग त्यात काय असणार?

काय असू शकतं ते फ्रान्सने २०२२ साली पाहिलं. नेस्लेच्या बुइतोनी ब्रँडचे कच्च्या पिठाचे फ्रोझन पिझ्झे मार्च महिन्यात बाजारातून परत मागवावे लागले, कारण त्यांचा संबंध ई-कोलायच्या साथीशी लागला. पन्नासहून जास्त जण आजारी पडले, त्यात जवळजवळ सगळी लहान मुलं. या जातीच्या ई-कोलायचं विष थेट मूत्रपिंडावर जातं. दोन मुलं दगावली. पीठ दूषित असावं, अशी शक्यता कंपनीनेच सांगितली. ज्या कोद्री गावात हे पिझ्झे बनत, तिथल्या कारखान्यात स्वच्छतेचे गंभीर दोष सापडले आणि एप्रिलमध्ये प्रशासनाने उत्पादन बंद केलं. चूक कारखान्याची होती, ओव्हन वापरणाऱ्या आयांची नव्हे, हे आधीच सांगते. पण दोन गोष्टी त्यातून शिकण्यासारख्या आहेत. गोठवल्याने ते जिवाणू मेले नव्हते. आणि असल्या पिठापासून वाचायला आपल्या घरात एकच उपाय आहे, तो आतपर्यंत नीट भाजणं. मेसेज नेमका तोच उपाय काढून घेतो आणि हातात "दोन मिनिटं कोमट" ठेवतो.

कोमट म्हणजे किती? मायक्रोवेव्ह एकसारखा तापवत नाही. कड चटका देईल आणि मधला भाग गार असेल, हे कालची भाजी गरम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पिझ्झ्याच्या मधोमध ७४ अंश दिसले पाहिजेत. नसेल तर उलथन्याने पिझ्झा उचलून तळ बघा, पोळीवर असतात तसे तपकिरी ठिपके हवेत, आणि मधल्या चीजला बुडबुडे यायला हवेत.

"भाजलात तर कॅन्सर" यामागे एक वाळलेलं पान आहे, त्याचं मेसेजने जंगल केलंय. पिष्टमय पदार्थ खूप भाजले की अॅक्रिलामाइड हे कर्करोगाचा संशय असलेलं रसायन तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं. ते टोस्टमध्ये, बटाट्याच्या वेफर्समध्ये असतं, भाजक्या कॉफीतही असतं. तेव्हा सोनेरी करा, कोळसा करू नका, संपलं. मेसेज पाठवणारी मंडळी रोज खाकरा चघळतात.

चीजचा प्रयोग मावशीने खरंच करून पाहिला होता. बशीत काळा डाग होता, काडेपेटी शेजारी. चीज जळलं, काळं पडलं, वास आला. येणारच! चीज म्हणजे प्रथिनं आणि चरबी. दूध उतू जाऊन बर्नरवर करपतं तेव्हा काय पांढरं राहतं? उलट साधं प्लास्टिक आधी वितळून थेंब थेंब गळतं. किसलेल्या चीजवर तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो, तो थेट ज्वाळेत आधी करपतो. गंमत म्हणजे दुधातल्या केसिन नावाच्या प्रथिनापासून एकेकाळी खरोखर बटणं बनवत. त्या प्लास्टिकचं पेटंट १८९९ सालचं. म्हणजे दुधाचं प्लास्टिक झालेलं आहे. प्लास्टिकचं दूध अजून तरी कुणाला जमलेलं नाही.

पण इथे एक गोष्ट कबूल करते, थोडी नाइलाजानेच. दुधाच्या चरबीऐवजी पामतेल वापरून चीजसारखा पदार्थ बनतो आणि स्वस्त पिझ्झ्यांवर तो असतो. ते प्लास्टिक नाही, पण चीजही नाही. ओळखायला काडेपेटी लागत नाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. चीजच्या पुढच्या कंसात दूध दिसतंय की खाद्यतेल, एवढं बघायचं. ज्यात चीजचं नाव पाण्याच्या आणि सॉसच्याही नंतर येतं, तो पिझ्झा मी परत ठेवते.

ब्रोमेट म्हणजे पाव चांगला फुगावा म्हणून पिठात घालत ते रसायन. त्याचा मुद्दा मेसेजमधला सर्वात खरा, म्हणजे आठ वर्षांपेक्षा शिळा पण खरा. २०१६ च्या मे महिन्यात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्लीत ब्रेड, पाव, बन, पिझ्झा ब्रेड असे ३८ नमुने तपासले. ८४ टक्क्यांमध्ये पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ब्रोमेट 'कदाचित कर्करोगकारक' या गटात १९९९ मध्येच घातलं होतं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०१६ मध्ये ते परवानगीच्या यादीतून काढलं. म्हणजे मेसेज "बंदी घातलेलं" म्हणतो तेव्हा बरोबर आहे, आणि "प्रत्येक पिझ्झ्यात असतं" म्हणतो तेव्हा हवेत बाण मारतो. शिवाय नीट भाजताना ब्रोमेटचं बरंचसं तुलनेने निरुपद्रवी ब्रोमाइड होतं. कमी भाजलं की शिल्लक राहतं. घ्या! मेसेजचा चौथा मुद्दा पाचव्याच्या मुळावर उठलाय. लेखकाने स्वतःचाच मेसेज वाचला नसावा.

बाकीचे दोन पटकन. वर्षभर टिकतो कारण तो गोठवलेला असतो. स्वस्ताईत आणून, सोलून, पिशव्या भरून फ्रीजरमध्ये टाकलेला मटार पुढे कित्येक महिने काढणाऱ्या भिशीला हे मी शिकवायला नको. सॉसमध्ये, बेसमध्ये टिकाऊपणासाठी काही घातलं असेल तर ते लेबलवर असतं, वाचा. तक्रारच करायची तर मिठाची करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सोडियम २,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. पिझ्झ्याच्या खोक्यावर १०० ग्रॅमला किती ते पाहा, मग पूर्ण पिझ्झ्याच्या वजनाने गुणून शंभराने भागा, आणि बीपीची गोळी घेणाऱ्या मावशांनी अर्धाच खा. मेसेजमध्ये मिठाबद्दल अवाक्षर नाही. ६३१ हा चव वाढवणारा क्षार आहे. तो मांस-मासळीतून काढता येतो तसा साबुकंदाच्या स्टार्चपासूनही बनतो. प्राणिज असेल तर पाकिटावर हिरवा ठिपका टाकता येत नाही. हिरवा ठिपका बघा आणि विषय सोडा.

आता निवडायचं आणि भाजायचं कसं. दुकानातल्या फ्रीजरच्या अगदी वरचं खोकं घेऊ नका, हात घालून खालचं काढा. टिचकी मारली की लाकडासारखा 'टक्' आवाज यायला हवा. हलवल्यावर आत बर्फाचा चुरा खुळखुळला, किंवा सगळी मिरची-मका एका बाजूला गोळा झालेली वाटली, तर तो एकदा वितळून पुन्हा गोठलाय. आमच्या जवळच्या एका दुकानात लाइट गेले की फ्रीजरवर गोणपाट टाकतात आणि लाइट आले की काढतात, मध्ये किती तास गेले ते देवाला ठाऊक. तिथून मी गुरुवारी-शुक्रवारी काही घेत नाही. पिझ्झा खरेदीच्या शेवटी उचला, आणि कृपा करून स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरची डिकी हाच एक छोटा ओव्हन असतो. कापडी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून पायाशी ठेवा.

ओटीजी, म्हणजे कॉइलवाला छोटा विजेचा ओव्हन, असेल तर खोक्यावर लिहिलेल्या तापमानाला, बहुतेक २२० अंशांच्या आसपास, दहा-पंधरा मिनिटं रिकामा तापू द्या, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून. ट्रे उलटा करून आतच तापवा आणि त्यावर गोठलेला पिझ्झा सरकवा. तळ कुरकुरीत होण्याचं अर्धं रहस्य त्या तापलेल्या ट्रेत आहे. मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शनचं, म्हणजे गरम हवा फिरवून भाजायचं, बटण असेल तर ते वापरा. किती घरांत त्या बटणाला वर्षानुवर्षं कुणी बोट लावलेलं नसतं.

काहीच नसेल तर कढई. जाड बुडाची कढई, आत स्टँड, झाकण घट्ट, मध्यम आचेवर दहा मिनिटं रिकामी तापवायची. मग ताटलीत पिझ्झा ठेवून आच कमी करायची आणि पंधरा-वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. नानकटाई करतो तसंच. तव्यावरही होतो, पण तिथे तळ करपतो आणि चीज ढिम्म बसून राहतं. तेव्हा तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडून लगेच झाकण ठेवायचं, वाफेने चीज मिनिटभरात उतरतं. कढई आणि तवा दोन्ही अर्धवट भाजलेल्या, पातळ बेसच्या पिझ्झ्यांसाठीच. कच्च्या पिठाचा जाडजूड पिझ्झा असेल तर ओव्हनच हवा आणि खोक्यावरची पूर्ण वेळ हवी.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती "हं" म्हणत राहिली. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. येत्या शनिवारी भिशी तिच्याकडे आहे आणि तिने ग्रुपवर मेनू जाहीर करून टाकलाय. "तुझी ती मोठी कढई घेऊन ये," म्हणाली, "आणि पिझ्झे डिकीतून आणू नकोस."