वाळवणाचा राखणदार

मे महिन्यात जळगावात माणसांचे दोन गट पडतात: बिबडे करणारे आणि बिबडे राखणारे. निवृत्त झाल्यापासून मी दुसऱ्या गटात आहे. गच्चीवर बाज, बाजेवर जुनं धोतर, धोतरावर ज्वारीचे बिबडे आणि जिन्याच्या सावलीत काठी घेऊन मी. कावळे काठीला भितात. मुंग्यांना काठी म्हणजे चढायला सोयीची वाट.

पहिल्याच सकाळी ओळ लागली. बाजेचे चारही पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, पण धोतराचा सोगा कठड्याला टेकला होता, हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं. खालून आईनं विचारलं, "कोनती शे? लाल का काळी?" आईच्या शास्त्रात दोनच जाती. लाल चावते, काळीला मारायचं नाही. भारतात आठशेहून जास्त जाती आहेत, असं मी वरून ओरडून सांगितलं. "मंग सम्द्या आपलीच गच्चीवर उन्यात का?"

मग मी भिंग काढलं. मुंगी ओळखायची तर आधी तिची कंबर बघायची (या वयात हे वाक्य बायकोसमोर बोलू नये). छाती आणि पोटाच्या मध्ये बारीक देठ असतो, त्यावर गाठ एक की दोन, हा पहिला प्रश्न. मुंगळ्याला एक. माझ्या तांबूस बारकीला दोन असाव्यात असा संशय होता, पण ती उभी राहीना. तिच्या मागे मी पोटावर सरपटत निघालो. ऊन भिंगातून नेमकं अंगठ्यावर उतरलं आणि मी किंचाळून तसाच पालथा पडलो.

शेजारच्या वहिनींनी त्यांच्या गच्चीवरून एवढंच पाहिलं. "काकांना ऊन लागलं!" पाच मिनिटांत माझ्या तळव्यांना कांदा चोळला जात होता आणि तोंडाला पन्ह्याचा पेला लावला होता. गाठी मोजत होतो, हे सांगायला तोंड मोकळं नव्हतं. निम्मं पन्हं फरशीवर सांडलं, तेवढंच कामाचं झालं.

पन्ह्यावर मुंगळे आले. बारक्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्या बिबड्यांतून निसटलेले तीळ ओढत राहिल्या. मुंगळा पोट टम्म फुगेपर्यंत प्यायचा, परतताना वाटेत दुसरा भेटला की तोंडाला तोंड लावून त्याला पाजायचा. त्याच्या पोटात स्वतःच्या जठराआधी एक सार्वजनिक पिशवी असते. तिच्यातला माल सगळ्या वारुळाचा. आमच्या कॉलनीच्या वर्गणीचा हिशेब मुंगळ्याकडे द्यावा, असं मला फार वाटलं.

बाराला ओळ गायब. पारा 44 वर. गच्चीवर उरलो मी एकटा.

संध्याकाळी तिळांचा माग काढत जिना उतरलो. तुळशीजवळच्या फटीत बीळ होतं, आणि बाहेर गवताच्या टरफलांचा नीट रचलेला ढीग. बी आत, टरफल बाहेर. दारात मोठ्या डोक्याच्या दोघी-तिघी उभ्या होत्या. तेवढ्यात आई पिठाची चिमूट घेऊन आली. दिवसभर मला ज्यांच्यावर सोडलं, त्यांच्याच दारात तिनं ती ठेवली. मी तिला सांगितलं, कर्नल साईक्स नावाच्या इंग्रजानं पुण्यात अशाच मुंग्या पाहिल्या होत्या. पाऊस उघडला की साठवलेलं बी बाहेर काढून उन्हात वाळवायच्या. 1835 साली त्यानं ते लिहिलं.

"वाळवन घालतीस?" आईनं पहिल्यांदाच रस घेतला. "आन राखाले कोन बससं?"

याचं उत्तर साईक्सकडे नाही. मी भिंग पुढे केलं. दोन गाठी दाखवल्या, डोकं दाखवलं, जबडा दाखवला. आईनं बराच वेळ पाहिलं.

"लाल शे," ती म्हणाली. "चावी."

तोवर चावली होती.