नवा गहू, जुना गहू आणि अमेरिकेची यादी

अमेरिकेतून सुट्टीला ठाण्यात गेलेला भाचा विचारतो, ‘मामी, ही कणीक याशान, म्हणजे जुन्या पिकाच्या गव्हाची, आहे ना?’ नव्या पिकाचं धान्य ठराविक दिवसापर्यंत खायचं नाही, हा ज्यू नियम त्यामागे आहे, आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, आपल्या आजी-पणज्यांनी असलं काही पाळलं नाही, हे तिकडचं खूळ आहे. दुसरा म्हणतो, तोरात, आपल्या धर्मग्रंथात, स्पष्ट लिहिलंय, आपणच इतकी वर्षं चुकत आलो. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांतला हा वाद न्यू जर्सीतून ऐकताना वाटतं, गहू कधी पेरला होता हे दोघांनीही विचारलेलं नाही. सगळा नियम त्या एका तारखेवर उभा आहे.

तोरातल्या लेवीय या पुस्तकात, 23:14 मध्ये, तीन गोष्टी नाव घेऊन मना केल्या आहेत: नव्या धान्याची भाकर, भाजलेले दाणे आणि कोवळे दाणे. निसान या ज्यू महिन्याच्या (मार्च-एप्रिल) 16 तारखेला यरुशलेमच्या मंदिरात ओमेर, म्हणजे जवाच्या नव्या पिकाचं अर्पण, होईपर्यंत त्या खायच्या नाहीत. माघात बांधावर गव्हाच्या ओंब्या जाळावर धरायच्या, तळहातावर चोळायच्या, फुंकर मारून कूस उडवायचं आणि हिरवे गरम दाणे तोंडात टाकायचे, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मनाई नेमकी त्या घासाला आहे. आता मंदिर नाही, तेव्हा तो दिवस सरला की धान्य आपोआप मोकळं होतं. इस्रायलमध्ये 16 निसान संपल्यावर, बाहेरच्या देशांत 17 निसान संपून रात्र पडल्यावर. विधी कसलाही नाही. डब्यात पडून असलेलं पीठही त्या रात्रीपासून चालतं.

धान्यं पाचच: गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट (गव्हाचाच एक जुना प्रकार). तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी यांत येत नाहीत. कोकणातल्या आपल्या लोकांनी तिश्री महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबर) खिरीच्या सणाला नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर केली, तेव्हा हातात आलेलं नवं पीक भाताचं होतं. मलिदा या आपल्या आभारविधीचे पोहेही भाताचेच. रोजची भाकरी तांदळाची किंवा नाचणीची. ज्या ताटात गहू क्वचित येत होता, त्या ताटावर हा नियम मोडल्याचा आरोप करणं मला अन्यायाचं वाटतं.

रोपाने 16 निसानच्या आधी मूळ धरलं असेल, तर कापणी त्यानंतर कधीही होवो, ते धान्य याशान, म्हणजे जुनं. त्यानंतर पेरलेलं असेल, तर पुढच्या वर्षीच्या निसानपर्यंत खादाश, म्हणजे नवं. मूळ धरायला तीन दिवस मोजायचे की चौदा, यावर मतभेद आहे, पण पेरणी आणि निसान यांत महिन्यांचं अंतर असेल तर त्याने फरक पडत नाही.

आता इथलं पीक पाहा. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सासचा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, हिवाळा बर्फाखाली काढतो आणि जून-जुलैत कापतात. तो कापतानाच याशान असतो. नॉर्थ डकोटा, मिनेसोटा, मोंटाना आणि कॅनडाच्या गवताळ प्रांतांत मात्र एप्रिल-मेमध्ये पेरतात आणि जुलैअखेर ते सप्टेंबरात कापतात. हा वसंती गहू खादाश. अडचण अशी की चांगला पाव, पिझ्झा, बेगल यांना हाच लागतो, कारण त्यात प्रथिनं साधारण 13-14 टक्के असतात. पास्त्याचा डुरम, ओट आणि माल्टचा जवही इथे बहुतेक वसंतीच. म्हणून ऑगस्टपासून पेसाहपर्यंत, म्हणजे 15 निसानला सुरू होणाऱ्या सणापर्यंत, याशान पाळणारी माणसं डब्यावरचे आकडे वाचत बसतात: ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ यातून टिकण्याची मुदत वजा करायची आणि पॅक केल्याची तारीख काढायची. ती मुदत मालामालाप्रमाणे एक, दोन, तीन वर्षं अशी बदलते, आणि चुका इथेच होतात. दुसरी चूक हल्ला या शब्बाथच्या पावाची. हिवाळी गव्हाचं पीठ सैल पडतं म्हणून किलोमागे 20-25 ग्रॅम ग्लुटेन घालतात, पण ते ग्लुटेन वसंती गव्हाचं निघालं तर सगळी काळजी फुकट. तेही जुन्या पिकाचं पाहूनच घ्यावं लागतं.

इथेही सगळे पाळत नाहीत, आणि न पाळणाऱ्यांना निष्काळजी म्हणायला मी तयार नाही. मिश्ना, म्हणजे ज्यू कायद्याचा जुना संग्रह, म्हणते, खादाश तोराप्रमाणे सगळीकडे मना. योसेफ कारोंनी शुल्हान आरुख या कायद्याच्या ग्रंथात तेच कायम केलं. पण पोलंडमधले योएल सिर्किस, ज्यांना बाख म्हणतात, यांनी सतराव्या शतकात मत दिलं की बिगरयहुदी शेतकऱ्याच्या धान्याला हा नियम लागत नाही. पोलंडचेच मोशे इसर्लेस, ज्यांना रेमा म्हणतात, यांनी दुहेरी शंकेचा आधार दिला: धान्य गेल्या वर्षीचं असेल, आणि यंदाचं असलं तरी मूळ आधीच धरलं असेल. थंड मुलखात जव-ओट वसंतातच पेरता येतात, बिअर हे रोजचं पेय, वर्षाचे कित्येक महिने दुसरं धान्यच नाही. तिथे अशी सवलत शोधणं भाग होतं. भूमध्य समुद्राच्या कडेला गहू पावसाळी थंडीत वाढतो, म्हणून कडक मत पाळणं तिथे जड गेलं नाही. मिश्ना बरुरा हा नंतरचा भाष्यग्रंथ सांगतो की सवलत घेणाऱ्यांना टोकू नये, ज्याला जमेल त्याने मात्र स्वतःपुरतं जपावं. हा मध्यम मार्ग मला पटतो.

महाराष्ट्रासाठी मात्र ती सवलतही लागत नाही. आपला गहू रब्बीचा. नोव्हेंबरात पेरला, फेब्रुवारी-मार्चमध्ये कापला. खपलीचंही तेच. नवा गहू बाजारात आल्यापासून पेसाहपर्यंतचे काही आठवडे काय ते सांभाळायचे. पंजाबचा गहू एप्रिलच्या मध्याला कापतात, पण त्याचं मूळ हिवाळ्यातलं, म्हणजे पेसाहनंतर कापला तर तो शेतातच याशान. राजस्थानचा जवही रब्बीचा. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरणारी, गहू कडक उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत ठेवणारी मामी हा नियम कुणी न सांगता जवळजवळ पुरा पाळत आली आहे. तिच्यापुढे कोणता माल याशान ते सांगणारी अमेरिकेची यादी धरणं चूक, कारण ती यादी डकोटाच्या गव्हासाठी बनली आहे. भारतात तपासायचेच तर पाकिटातले ओट तपासा. त्यांतले बरेचसे ऑस्ट्रेलियातून येतात. तिथे पेरणी बहुतेक मे-जूनमध्ये, कापणी वर्षाअखेरीस, म्हणजे डिसेंबर ते पेसाह ते खादाश असण्याचा संभव मोठा. आयात पास्ताही कुठून आला ते पाहावं.

इथल्या मराठी घरांची अडचण उलटी आहे. भारतीय दुकानातला ‘आटा’ भारतातूनच आलाय असं गृहीत धरतात. पाकिटाची मागची बाजू वाचा. कॅनडात दळलेला असेल तर तो बहुधा वसंती गहू किंवा डुरम, आणि ऑगस्ट ते पेसाह शंकेचा. भारतातल्याच गव्हाचा असेल तर पेसाहआधीचे ते थोडे आठवडे सोडून निर्धास्त. रोज पोळ्या खाणाऱ्या चौघांच्या घराला महिन्याला 20 पौंडांची एक पिशवी लागते. आठ महिन्यांचा जुना साठा करायला कुणाच्याही फ्रीझरमध्ये जागा नसते, त्यापेक्षा देश पाहून घेणं सोपं. थोडा साठा करायचाच तर पीठ आधी चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावं, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. घाई केली की आत दव धरतं, गुठळ्या होतात आणि बुरशी येते.

भारतातल्या घरच्यांनी खरी काळजी घ्यावी ती मत्सांची, म्हणजे पेसाहच्या बेखमीर भाकरींची. सेदर, म्हणजे पेसाहचं पहिलं जेवण, 15 निसान सुरू होते त्या रात्री, आणि इस्रायलबाहेर नव्या धान्याची सुटका त्याच्या तीन रात्रींनी. 2026 मध्ये ती 4 एप्रिलच्या रात्री होती, ज्यू पंचांगात अधिक महिना येत असल्यामुळे 2027 मध्ये 24 एप्रिलच्या रात्री येईल. म्हणजे त्या वर्षी नवा गहू सहा-सात आठवडे बाजारात असेल, आणि मत्सांसाठी मार्चमध्ये घेतलेलं पोतं ताज्या कापणीचं निघू शकतं. धान्याच्या दुकानात जुना गहू म्हणून मागितला की मिळतो. पोतं गेल्या हंगामाचं आहे ना, हे विचारून घ्यावं, किंवा मत्सांपुरते पाच-सात किलो मागच्या उन्हाळ्यात भरलेल्या कोठीतून आधीच बाजूला काढून ठेवावेत.