दोन चमचे हळद आणि जुनी गाडी: एका संदेशाचा प्रतिवाद

या उन्हाळ्यात सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘दहा वर्षांपुढच्या गाडीवाल्यांनी वाचाच’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरत होता आणि माझ्यापर्यंत तो चार वेगवेगळ्या नातेवाइकांकडून पोहोचला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: कूलंट (इंजिन गार ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये भरायचे द्रव) ही थंड देशांची गरज आहे, आपल्याकडे साधे पाणी पुरते, रेडिएटर गळू लागला तर दोन चमचे हळद टाकावी, थर्मोस्टॅट काढून फेकावा, म्हणजे गाडी तापत नाही, जुन्या गाडीचे गिअर ऑइल बदलू नये, बदलले की गिअरबॉक्स जातो, रेडिएटर आणि गिअरबॉक्स यांचा एकमेकांशी संबंध नसतो, मिस्त्री एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे काम गळ्यात मारतात, तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला की हीटर लावावा आणि लगेच झाकण उघडून गार पाणी ओतावे, आणि इतके करूनही दोन्ही बिघडले, तर पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच जायची असल्याने खर्च करू नये.

मी मेकॅनिक नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मशिन शॉपमध्ये नोकरी केली आणि २००५ सालची एक डिझेल गाडी अजून वापरतो, एवढाच माझा अधिकार. परंतु या संदेशातले दोन उपाय मी स्वतः करून पाहिले आहेत आणि त्यांची किंमत मोजली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कूलंट गोठू नये म्हणून घालतात, हे खरे असले तरी तेवढ्याचसाठी घालत नाहीत. शुद्ध पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस असते, हेही मान्य केले पाहिजे. अडचण पाण्याच्या दुसऱ्या दोन गुणांत आहे. एक म्हणजे ते लवकर उकळते: महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि झाकणाची स्प्रिंग सैल झालेल्या जुन्या रेडिएटरची अवस्था उघड्या भांड्याहून फारशी वेगळी नसते. निम्मे इथिलीन ग्लायकॉल असलेले मिश्रण समुद्रसपाटीला, दाबाशिवायही, १०६-१०७ अंशांपर्यंत उकळत नाही आणि झाकण धड असेल तर त्याहून बरीच सवलत मिळते. दुसरे म्हणजे आपल्याकडचे ‘साधे पाणी’ साधे नसते. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना बोअरच्या पाण्यात काय असते हे सांगायला नको. ज्या पाण्याने घरातल्या बंबाच्या आत पांढरे कवच चढते, तेच पाणी रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत आणि सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, पोकळ्यांत तेच कवच चढवते, आणि ते कवच धातूच्या मानाने उष्णतेचा फार वाईट वाहक असते. शिवाय ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर असे निरनिराळे धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडाले की त्यांची बॅटरीसारखी जोडी जमते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये यासाठी असतात. तीही दोन-चार वर्षांत संपतात, म्हणून रंग हिरवागार दिसला तरी कूलंट ठरल्या मुदतीत बदलावे लागते. वाटेत काहीच मिळाले नाही तर पिण्याचे पाणी जरूर घालावे. घरी आल्यावर ते काढून बॅटरीसाठी मिळते त्या डिस्टिल्ड पाण्यात कालवलेले कूलंट भरावे.

हळदीबद्दल सांगलीकराने जपूनच बोलले पाहिजे, कारण आमच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि मार्केट यार्डात तिच्या पोत्यांच्या थप्प्यांमधूनच आमचे बालपण गेले. हा उपाय अगदीच खुळा नाही. हळदीत पिष्ट भरपूर असते; गरम पाण्यात ते फुगते, प्रवाहाबरोबर फिरत गळतीच्या सूक्ष्म छिद्राशी जाऊन अडकते आणि टाचणीच्या टोकाएवढे छिद्र काही काळ बुजते. कासेगावजवळ थेंब थेंब गळू लागलेली गाडी पेठ नाक्यापर्यंत आणायला इतके पुरते. मीही तेच केले होते. चूक झाली ती पुढे: गळती थांबली म्हणून मी दीड वर्ष रेडिएटरला हात लावला नाही आणि मध्ये दोनदा आणखी हळद टाकली.

मे महिन्यात पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट चढता चढता काटा वर सरकू लागला. गाडी कशीबशी साताऱ्यापर्यंत आणली आणि तिथून सांगलीला टो करून न्यावी लागली. आमच्या मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला, वरच्या टाकीचा डाग (सोल्डरचा जोड) सोडवून ती अलग केली आणि मला आत बोट घालायला सांगितले. नळ्यांच्या तोंडांवर भिजवलेल्या कणकेसारखा तपकिरी-पिवळा लगदा बसला होता. तो नखाने खरवडला तेव्हा खाली पांढरा क्षार निघाला, म्हणजे माझे ‘साधे पाणी’ आणि माझी हळद यांचा तो एकावर एक गिलावा होता. चौथ्या हिश्शाहून जास्त नळ्यांतून पाणी पलीकडे जातच नव्हते. हळदीला गळतीचे छिद्र आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. जिथे वाट अरुंद तिथे ती बसते, आणि डॅशबोर्डमागच्या हीटरचे जाळे तर त्याहून अरुंद असते. माझा रेडिएटर जुन्या धाटणीचा, तांब्या-पितळेचा असल्यामुळे नळ्यांतून सळई फिरवून आणि पुन्हा डाग देऊन तो वाचला. अलीकडच्या गाड्यांत ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षे तापून-निवून ठिसूळ झालेले ते प्लास्टिक शिवणीपाशी तडकले की ती भेग दाबाखाली उघडते आणि मिटते, त्यामुळे तिच्यात हळद टिकत नाही आणि बाजारातली गळती बंद करण्याची पावडरही टिकत नाही. तिथे रेडिएटर बदलणे हाच उपाय.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण काढल्यावर आठवडाभर तो बरोबर असल्याचा भास होतो. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची कुपी असलेली छोटी झडप. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना बाजूची आडवाट बंद करते. झडपच काढली तर ती आडवाट कायम उघडी राहते, पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून गरमच्या गरम इंजिनात परततो, आणि सपाट रस्त्यावर गार वाटणारी गाडी घाटात मात्र पूर्वीपेक्षा लवकर तापते. सपाटीवर उलटा तोटा होतो: इंजिन नेमक्या तापमानाला पोहोचतच नाही, जास्त इंधन पिते आणि झिजते. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो काढून जुन्या पातेल्यात पाण्याबरोबर तापवावा आणि शेजारी थर्मामीटर धरावा. पाणी खळखळू लागले तरी तो मिटलेलाच असेल तर नवा आणावा. हे काम स्वयंपाकघरात दहा मिनिटांत होते, फक्त पातेले घरच्यांना विचारून घ्यावे.

गिअर ऑइल बदलले की गिअरबॉक्स जातो, हा समज कुठून आला ते मला समजते. बहुतेक लोक ऑइलकडे तेव्हाच वळतात जेव्हा गिअर अडकू लागतात किंवा आवाज येऊ लागतो. मग महिनाभरात गिअरबॉक्स उघडावा लागला की दोष नव्या ऑइलच्या माथी जातो. झीज आधीच झालेली असते. मॅन्युअल गिअरबॉक्सचे ऑइल जळत नाही, पण धातूच्या कणांनी भरते. काढताना नटाच्या चुंबकावर बसलेला करडा लेप बोटांत चोळून पाहावा. काजळासारखा मऊ असेल तर ती नित्याची झीज, पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर दाते किंवा बेअरिंग फुटल्याची सूचना समजावी. ऑइल भरताना मात्र दुकानदार ‘जास्त भारी’ म्हणून देईल ते घेऊ नये. पुस्तिकेत जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिले असेल आणि कोणी जीएल-५ भरले, तर त्यातली गंधकयुक्त द्रव्ये काही गिअरबॉक्सच्या गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना खातात आणि बदललेल्या ऑइलने गिअरबॉक्स गेला ही अफवा त्या एका बाबतीत खरी ठरते. ऑटोमॅटिकमध्येही जपावे लागते: लाखभर किलोमीटर न बदललेल्या फ्लुइडवर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलावर) यंत्राने दाब देऊन फ्लश करण्यापेक्षा खालचा नट काढून निघेल तेवढे काढावे, तेवढेच नवे भरावे आणि काही शे किलोमीटरनंतर तेच पुन्हा करावे. इंजिनाची ताकद फ्लुइडमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच जुने फ्लुइड अडकून राहत असल्यामुळे एका खेपेत सगळे निघतच नाही.

ज्यांच्या गाड्या २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरात उभ्या होत्या, त्यांना तर ऑइल बदलू नका असे सांगणे हा गुन्हाच होता. त्या वेळी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी एक बारीक नळी असते. गरम गिअरबॉक्स पाण्यात बुडून एकदम निवला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. इंजिन ऑइल सगळ्यांनी बदलले, गिअरबॉक्सकडे मात्र अनेकांनी पाहिले नाही, आणि पुढच्या वर्षी नट काढल्यावर दुधाच्या चहासारखे ऑइल आले.

रेडिएटर आणि गिअरबॉक्सचा संबंध नसतो, हे मॅन्युअल गाडीपुरते बऱ्याच अंशी खरे आहे, आणि अशा गाडीत रेडिएटर गळतो म्हणून कोणी गिअरबॉक्स उतरवायला सांगितला तर जरूर जाब विचारावा. तिथेही क्लच घसरत असेल तर चढावर इंजिन नुसतेच गुरगुरत राहते, गाडी पुढे जात नाही आणि काटा चढतो. दोष क्लचचा, बोभाटा रेडिएटरचा. ऑटोमॅटिकची गोष्ट मात्र वेगळी आहे. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचे फ्लुइड थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती नळी आतल्या आत गंजली, म्हणजे साध्या पाण्याने गंजवली, तर बाहेर थेंबही सांडत नाही. आत मात्र कूलंट आणि फ्लुइड एकमेकांत मिसळतात. एका परिचितांच्या गाडीची डिपस्टिक (फ्लुइडची पातळी पाहायची पट्टी) मी पाहिली, तिच्यावर सरबतात दूध ओतल्यासारखा गुलाबी फेस होता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्यांवरचे कागदासारखे अस्तर पाण्याने सुटते, त्यामुळे असा फेस दिसल्यावर गाडी ‘गॅरेजपर्यंत चालवत’ नेऊ नये, उचलून न्यावी. त्यांनी कूलंट वाचवले होते, रेडिएटर वाचवला होता, आणि शेवटी गिअरबॉक्सचे बिल भरले.

हीटर लावण्याचा सल्ला बरोबर आहे. हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. लगेच झाकण उघडण्याचा सल्ला मात्र हात भाजण्याचा आहे: दाबाखाली शंभर अंशांपुढे गेलेले पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन उसळते, आणि तापलेल्या हेडवर गार पाणी पडले तर ते तडकू शकते. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबून तो मऊ लागतो का पाहावे, मगच जाड फडके घालून झाकण थोडे थोडे फिरवावे.

राहिला भंगाराचा मुद्दा. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली परिसरासाठी आले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते, फक्त शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. खर्च करावा की नाही हे वयावरून न ठरवता चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, गंजली आहे का आणि इंजिनचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबण्याची ताकद, शिल्लक आहे का यावरून ठरवावे. चासी सडली असेल तर नवा रेडिएटरही वाया जाईल. माझी गाडी २०२० साली आणि पुन्हा २०२५ साली तपासणीतून गेली. दुसऱ्या खेपेला आरटीओत निघण्यापूर्वी मी बोनेट उघडून कूलंटच्या बाटलीकडे पाहिले. पातळी दोन खुणांच्या मधोमध होती.