‘उबुंटूवर चाललं म्हणजे लिनक्सवर चाललं’ हे खरं नाही

ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतोय. थोडक्यात तो असा: लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेकडो डिस्ट्रो (वेगवेगळ्यांनी बांधून दिलेली तिची रूपं) आहेत, सगळ्यांना सपोर्ट देणं अशक्य. म्हणून उबुंटू या डिस्ट्रोच्या ताज्या एलटीएसवर (दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीवर) बिल्ड करा, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवा, तिथेच तपासा, उरलेल्यांना फ्लॅटपॅक किंवा कंटेनर (लागणाऱ्या लायब्ररींसकट बांधलेला प्रोग्रॅम) द्या आणि जुनी डिस्ट्रो वापरणाऱ्यांना अपग्रेड करायला सांगा. दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री प्रकल्प बघणाऱ्या मेंटेनरला हे पटतं, ते मी समजू शकतो. पण यातला प्रत्येक मुद्दा कुठेतरी अडतो आणि त्याचा भुर्दंड वापरणाऱ्यावर पडतो.

आधी ‘शेकडो डिस्ट्रो’. संख्या खरी आहे, पण अडचण संख्येची नाहीच. मिंट उबुंटूवर उभी आहे, अल्मा आणि रॉकी रेड हॅटच्या मागोमाग चालतात. आपल्या प्रोग्रॅमला डिस्ट्रोचं नाव दिसत नाही. त्याला दिसते जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम वापरतात ती सी भाषेची मूळ लायब्ररी) कितवी आहे, कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम बनवणारा) कोणता, पायथन कोणतं. एका संगणकावर दुसरा संगणक भासवणाऱ्या क्यूईएमयू या प्रकल्पाने हे कधीच ओळखलं. त्यांचा नियम लिहिलेला आहे: डेबियन, रेड हॅट, सुसे, उबुंटू एलटीएस अशा दीर्घायुषी डिस्ट्रोंची ताजी मोठी आवृत्ती, ती आल्यापासून जास्तीत जास्त ५ वर्षं, चालणार. तिच्या आधीची आवृत्ती, नवी आल्यापासून २ वर्षं किंवा डिस्ट्रोवाले स्वतः सपोर्ट थांबवतील तोवर, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत. बाकीच्या डिस्ट्रोंमध्ये साधारण याच आवृत्त्या असतील असं ते धरून चालतात. म्हणजे निवड नावांची नाही, तारखांची आहे.

आता ‘ताज्या एलटीएसवर बिल्ड करा’. सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हा. जीलिबसीची हमी एकाच दिशेची आहे. जुन्या जीलिबसीवर बांधलेली बायनरी (कंपाइल होऊन तयार झालेली फाइल) नव्यावर चालते, नव्यावर बांधलेली जुन्यावर चालेल याची हमी नाही. खात्री करायला फार काही लागत नाही. उबुंटू २२.०४ वर सी भाषेत एक ओळ छापणारा प्रोग्रॅम लिहा, साध्या जीसीसी कंपायलरने कंपाइल करा आणि ती फाइल डेबियन ११ वर नेऊन चालवा. प्रोग्रॅम सुरूच होत नाही, जीलिबसी २.३४ सापडत नाही असा एरर येतो. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, डेबियन ११ मध्ये २.३१. मग २.३४ आली कुठून? त्या आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली, आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही तेव्हाच नवा आवृत्ती-क्रमांक मिळाला. त्यामुळे तुमच्या कोडमध्ये नवं काहीही नसलं तरी बायनरी किमान २.३४ मागते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दोन तास स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत होतो.

उपाय मात्र सोपा आहे: ज्यांना सपोर्ट द्यायचा त्यातल्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोवर बिल्ड करा, तपासा मात्र जुन्या आणि नव्या दोन्हींवर. पायथनवाले वर्षानुवर्षं हेच करतात. मेनीलिनक्स हे अनेक डिस्ट्रोंवर चालणाऱ्या पायथन पॅकेजचं मानक. मेनीलिनक्स २०१४ ची बिल्ड-व्यवस्था सेंटओएस ७ या जुन्या डिस्ट्रोवर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर उभी आहे, आणि मेनीलिनक्स २.२८ ची अल्मालिनक्स ८ वर. पिप या इन्स्टॉलरने नमपाय हे गणिताचं पॅकेज टाकताना तुमची डिस्ट्रो कोणती हे कोणी विचारत नाही, त्यामागे ही मेहनत आहे. अल्पाइन या डिस्ट्रोची गोष्ट वेगळी. तिथे जीलिबसी नसून मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे, तिच्यासाठी वेगळं बिल्डच लागतं.

फ्लॅटपॅकबद्दल माझं वाईट मत नाही. डेस्कटॉपवरच्या ॲपसाठी ते उत्तम आहे. पण तुमचा प्रकल्प लायब्ररी असेल, सर्व्हरवर चालणारी सेवा असेल किंवा ड्रायव्हर असेल, तर त्याचा उपयोग नाही. कंटेनरने निवड टळत नाही, फक्त जागा बदलते, कारण बेस इमेज (कंटेनरच्या तळाशी असलेली डिस्ट्रो) कुठली हे तुम्हालाच ठरवावं लागतं. आणि ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तर डिस्ट्रोच्या पॅकेजची दुरुस्ती डिस्ट्रोची सुरक्षा टीम करते. तुमच्या इमेजमधल्या प्रतीची दुरुस्ती तुम्ही करायची. ज्याला वेळ नाही म्हणून हा मार्ग सुचवला, त्याच्याच डोक्यावर हे काम येऊन पडतं.

राहिलं ‘अपग्रेड करा’. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोड या कोड-एडिटरच्या १.८६ आवृत्तीने किमान जीलिबसी २.२८ केली. सेंटओएस ७ वर २.१७, उबुंटू १८.०४ वर २.२७. रिमोटने अशा सर्व्हरवर काम करणाऱ्यांचं जोडणं एका अपडेटमध्ये बंद झालं. सेंटओएस ७ चा सपोर्ट तेव्हा अजून संपलेला नव्हता, तो ३० जून २०२४ ला संपला. तक्रारींचा पाऊस पडला आणि जुन्या सर्व्हरना वर्षभराची मुदत द्यावी लागली. त्या लोकांना अपग्रेड करा म्हणून काय उपयोग होता? सर्व्हर त्यांचा नव्हता. तो कॉलेजच्या लॅबचा असतो, कंपनीच्या आयटी विभागाचा असतो, आणि तिथे रूट पासवर्ड (सगळे अधिकार देणारा) दुसऱ्याच्याच हातात असतो. जुनी डिस्ट्रो कधीच सोडू नका, असं मी म्हणत नाही. रेड हॅटची ९ वी आवृत्ती मे २०२२ मध्ये आली, म्हणजे क्यूईएमयूच्या नियमाने ८ वीची मुदत मे २०२४ मध्ये संपणार, हे कोणालाही २ वर्षं आधी कॅलेंडर पाहून सांगता येत होतं. लॅबवाल्याला साहेबांकडे अर्ज करायला तेवढा वेळ पुरतो.

आमच्या छोट्या प्रकल्पाच्या रीडमीत (माहितीच्या फाइलमध्ये) आता डिस्ट्रोंच्या नावांपुढे टिकमार्क नाहीत. किमान जीलिबसी, किमान पायथन, आणि प्रत्येकापुढे ते कुठल्या महिन्यात वाढणार हे लिहिलेलं आहे.